पुसलेल्या टेपा आणि मक्त्यातलं नाव

मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झालं. त्याच वर्षी तबस्सुम यांचा 'फूल खिले हैं गुलशन गुलशन' हा मुलाखतींचा कार्यक्रम आला आणि 1993 पर्यंत चालला. माझ्या वयाच्या लोकांनी त्याचे शेवटचे भाग पाहिले आहेत. पडद्यावर कलावंत असायचे, पण माझं लक्ष त्यांच्या बोलीकडे असे. साधी, घरगुती, तरीही नेमक्या उच्चारांची ती हिंदुस्तानी आज वर्गात ऐकवायची म्हटली तर यूट्यूबवर विखुरलेले तुकडेच शोधावे लागतात.

त्या काळी व्हिडिओ टेप महाग होती. प्रक्षेपण झालं की तीच टेप पुसून पुढच्या कार्यक्रमाला वापरायची, ही पद्धत जगभर होती. बीबीसीने 'डॉक्टर हू'चे जुने भाग असेच घालवले. चांद्रमोहिमेच्या मूळ टेपाही पुसल्या गेल्या असाव्यात, असं 2009 मध्ये नासाला सांगावं लागलं. आपलं दूरदर्शन याला अपवाद नव्हतं.

ज्या टेपा वाचल्या, त्यांच्यामागे हवा लागली. फितीवरचे चुंबकीय कण ज्या लेपाने चिकटलेले असतात, तो दमट हवेत चिकट होतो आणि फीत यंत्रात अडकते. मग ती मंद आचेवर तास न् तास भाजून कशीबशी एकदा वाजवायची. जुनी यू-मॅटिक यंत्रं आता कुणी बनवत नाही. शिवाय एक तासाची टेप उतरवायला एक तास लागतोच, तिथे घाई चालत नाही.

डिजिटल झालं म्हणजे सुटलो, असं अनेकांना वाटतं. मी नवी मुंबईत राहतो. ऐरोली, महापेपासून पनवेलपर्यंत डेटा सेंटरच्या इमारती उभ्या राहताना पाहतोय. पण मोठे संग्रह ज्या एलटीओ टेपवर ठेवतात, तिच्या नव्या पिढीचं यंत्र फार जुनी पिढी वाचत नाही. सातव्या पिढीचं यंत्र मागच्या दोन पिढ्या वाचायचं, आठव्याचं फक्त एक. म्हणजे दर काही वर्षांनी सगळं पुन्हा उतरवून घ्यायचं. कातिबाचंच काम हे: जुनी प्रत फाटायच्या आत नवी तयार हवी.

आणि पैसा, माणसं कमी असली की आधी काय उतरवतात? मोठे नेते, नामवंत गायक. त्याबद्दल तक्रार नाही. पण उर्दू मुशायरे, कोकणी मुसलमानांच्या बोलीतल्या गप्पा अशा रेकॉर्डिंगांवर 'मुशायरा, भाग 2' एवढंच लिहिलेलं असेल, तर ती फाइल असून नसल्यासारखी. पाचवा शायर कोण? गझलेच्या मक्त्यात त्याचा तखल्लुस येतो, तिथेच नाव सापडतं. पण ते ऐकून कळणारा माणूस यादी करणाऱ्याच्या शेजारी बसलेला हवा. बीएड करताना असं काम आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. उर्दूच्या शिक्षकांना ते सहज जमेल. आवाजावरूनच शायर ओळखणारे जुने श्रोते आज पंच्याहत्तरीच्या पुढे आहेत. तुमच्या घरात असे कुणी असतील, तर प्रसार भारतीच्या यूट्यूब वाहिनीवरचं एखादं जुनं रेकॉर्डिंग त्यांना ऐकवा आणि ते सांगतील ती नावं वहीत उतरवून ठेवा.