पडद्याआडच्या कारभाऱ्याची कुळकथा

नोव्हेंबर २००८ मध्ये अमेरिकेतल्या व्हॉल्व्ह कंपनीचा ‘लेफ्ट फोर डेड’ हा व्हिडिओ गेम बाजारात आला. चार माणसं, ओसाड पडलेली शहरं आणि अंगावर धावून येणारी झॉम्बींची झुंड. एवढ्यात नवं काहीच नव्हतं. नवं होतं ते झुंड कधी, कुठून आणि केवढी सोडायची हे ठरवणारं पात्र. ते पडद्यावर एकदाही दिसत नाही, पण त्याला नाव होतं, ‘एआय डायरेक्टर’. रस्ते आणि इमारती माणसांनी आखलेल्या. त्यांत कोण दबा धरून बसेल, औषधाची पेटी कुठल्या खोलीत सापडेल, पार्श्वसंगीत केव्हा चढेल, हे सगळं त्याच्या हाती.

यंत्राने उभारलेलं आणि यंत्रानेच चालवलेलं जग म्हटलं की लोकांना ‘द मॅट्रिक्स’ आठवतो. या कारभाऱ्याचं घराणं मात्र सिनेमातलं नाही. त्याचा मूळपुरुष हाडामांसाचा होता आणि त्याच्याकडे कागद, पेन्सिल आणि फासे यांपलीकडे काही नव्हतं.

१९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ काढला. चार-पाच मित्र जमतात आणि त्यांतला एक जण ‘डंजन मास्टर’ होतो. भुयारांचा नकाशा तो काढतो, खजिना तो लपवतो, राक्षसाच्या वतीने तोच लढतो. हे झालं कागदावरचं काम. खरं काम समोरच्यांचे चेहरे वाचण्याचं. मंडळी कंटाळली तर भिंतीपलीकडून गुरगुरणं ऐकू येतं. सगळे एकदम मरायला टेकले, तर आडोशामागे पडलेला वाईट फासा तो गुपचूप गिळतो. कीर्तनात मंडळी पेंगायला लागली की बुवा निरूपण आवरतं घेऊन गोष्टीला हात घालतात, तसलंच हे कसब.

पण मित्र जमलेच नाहीत तर? गायगॅक्सने यावरही तोड काढली. १९७५ च्या वसंतात ‘द स्ट्रॅटेजिक रिव्ह्यू’ या पत्रिकेच्या पहिल्याच अंकात त्याने एकट्याने खेळायची कोष्टकं दिली. फासा टाका, कोष्टक बघा: बोळ डावीकडे वळतो, पुढे दार आहे, दारामागे दालन आहे. डंजन मास्टरच्या कामाची वाटणी झाली ती इथे, असं मला वाटतं. जग आखण्याचं काम फाशांनी उचललं. चेहरे वाचायचं काम माणसाकडेच राहिलं, कारण फाशाला डोळे नसतात. पुढची तीसेक वर्षं या दोन शाखा वेगवेगळ्या वाढल्या.

आखणाऱ्यांची शाखा आधी फोफावली, आणि तीही अडचणीपोटी. कॅलिफोर्नियातल्या सांताक्रूझ इथल्या विद्यापीठात मायकल टॉय आणि ग्लेन विचमन यांना संगणकावरचे शाब्दिक साहसखेळ आवडत. त्या खेळांची खोड अशी, की एकदा कोडी सुटली की खेळ संपला. लिहिणाऱ्याला तर तो पहिल्यापासूनच संपलेला. आपणच लिहिलेल्या खेळात आपल्यालाच धक्का बसावा, या हट्टातून १९८० च्या सुमारास ‘रोग’ जन्मला. पडद्याचे तीन गुणिले तीन असे नऊ भाग पाडायचे, त्यांत लहानमोठ्या खोल्या टाकायच्या, बोळांनी जोडायच्या, आणि दर खेपेला हे सगळं नव्याने. खेळाडू म्हणजे ‘@’ हे चिन्ह. राक्षस म्हणजे इंग्रजी मुळाक्षरं, ए पासून झेड पर्यंत सव्वीस. मेलात तर पुन्हा पहिल्यापासून, आणि तेव्हा तळघर वेगळंच असणार. १९८३ मध्ये बर्कलीच्या युनिक्सबरोबर हा खेळ वाटला गेला आणि विद्यापीठांतल्या संगणकांवर पसरला.

इंग्लंडात केंब्रिजला डेव्हिड ब्रेबन आणि इयन बेल हे दोन विद्यार्थी वेगळ्याच पेचात होते. त्यांना अख्खं अंतराळ हवं होतं, व्यापार करत हिंडायला. हाताशी बीबीसी मायक्रो संगणक, त्याची स्मृती ३२ किलोबाइट, आणि त्यातली खेळाच्या वाट्याला येणारी जेमतेम २२. ग्रहांची यादी साठवायला जागाच नाही. मग त्यांनी ग्रह साठवलेच नाहीत. सहा बाइटांत मावणारे तीन आकडे घ्यायचे, त्यांची बेरीज करून पुढचा आकडा काढायचा, असं फिरवत राहायचं. बाहेर पडणाऱ्या आकड्यांवरून ग्रहाची जागा, लोकसंख्या, अर्थव्यवस्था, अगदी नावसुद्धा ठरतं. नाव दोन-दोन अक्षरांचे तुकडे जोडून. सुरुवात तीच ठेवली की विश्व दर वेळी तेच निघतं. १९८४ च्या सप्टेंबरात ‘एलीट’ आला तेव्हा त्यात आठ आकाशगंगा होत्या आणि प्रत्येकीत २५६ ग्रह. गणिताला आठच काय, अब्जावधी आकाशगंगाही जड नव्हत्या. पण एवढं दाखवलं तर विश्वाचा पोकळपणा उघडा पडेल, म्हणून प्रकाशकांनी हात आखडता घ्यायला लावला.

मला यातली राज्यव्यवस्था सर्वांत गमतीची वाटते. ग्रहावर अराजक आहे, सरंजामशाही आहे, हुकूमशाही आहे की लोकशाही, हे आठ पर्यायांतून ठरतं, आणि आठ पर्यायांना तीन बिट पुरतात. अराजकाच्या ग्रहाजवळ चाचे जास्त भेटतात. बस्स, एवढाच राज्यकारभार. या विश्वाला नियम आहेत, राज्यकर्ता नाही. तुम्ही कंटाळलात, लुटले गेलात, मेलात, त्याची दखल घेणारं तिथे कोणी नाही.

पाच वर्षांनी विल राइटचा ‘सिमसिटी’ आला, पण त्याने भूमिकांची उलटापालट केली: शहर यंत्राचं आणि कारभार माणसाचा. एमआयटीच्या जे फॉरेस्टरने शहरांच्या वाढ-ऱ्हासाचं गणित १९६९ मध्ये मांडलं होतं, ते राइटने वाचलं होतं. आणि पोलिश लेखक स्तानिस्लाव लेमची ती कथाही, जिच्यात पदच्युत जुलमी राजाच्या समाधानासाठी एक यंत्रकार पेटीत मावेल एवढं राज्य करून देतो. आपल्या कुळात हा खेळ सोयरा म्हणून येतो, वंशज म्हणून नाही. तेव्हा पुढे जाऊ.

चेहरे वाचणाऱ्यांची शाखा नाटकवाल्यांनी जगवली. ब्रेंडा लॉरेलने १९८६ मध्ये ओहायो स्टेट विद्यापीठात पीएचडीचा प्रबंध सादर केला. ॲरिस्टॉटलचं नाट्यशास्त्र हाती घेऊन तिने विचारलं, की प्रेक्षकच पात्र झाला आणि वाटेल ते करू लागला, तर कथानक सावरणारा यंत्र-नाटककार कसा असावा? पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात जोसेफ बेट्सच्या ‘ओझ’ प्रकल्पाने हा प्रश्न पुढे नेला. यंत्र बांधण्याआधी त्यांनी जिवंत नटांवर प्रयोग केले. नटांच्या कानात हेडफोन, दिग्दर्शक आडून सूचना देतोय, आणि मध्ये एक अनभिज्ञ माणूस सोडलेला. बाहेरून बघणाऱ्यांना रेंगाळलेले वाटणारे प्रसंग त्या आतल्या माणसाला रेंगाळलेले वाटत नव्हते. त्यातून आलेली ‘ड्रामा मॅनेजर’ ही कल्पना मायकल मटीस आणि अँड्र्यू स्टर्न यांनी २००५ मध्ये ‘फसाड’मध्ये खेळती केली. एका जोडप्याच्या घरी तुम्ही पाहुणे, त्यांचा संसार मोडायच्या बेतात, आणि तुम्ही टाइप कराल त्यावरून पुढचा प्रसंग यंत्र निवडणार. वीसेक मिनिटांचा हा खेळ पुरा करायला दोघांची काही वर्षं गेली. इतकं खर्चिक नाटक बाजाराला परवडणारं नव्हतं.

बाजाराला परवडलं ते मायकल बूथचं. ‘लेफ्ट फोर डेड’च्या डायरेक्टरमागचा अभियंता तो. त्याने कथानकाचा नाद सोडला आणि एकच गोष्ट मोजायला घेतली, ती म्हणजे खेळाडूची घालमेल. प्रत्येकाच्या नावे एक आकडा. जखम झाली, कोलमडून पडलात, अगदी जवळ झॉम्बी मारला, की आकडा चढतो. शांततेत हळूहळू उतरतो. तो शिखराला पोचला की डायरेक्टर तीन-पाच सेकंद तणाव तसाच धरतो, मग हात मागे घेतो आणि अर्धा-पाऊण मिनिट उसंत देतो. पुन्हा चढण. बूथचा आग्रह होता, की यात खेळ सोपा-अवघड होत नाही, फक्त लय बदलते. महाकाय टँक आणि रडणारी विच या खास झॉम्बींना मात्र त्याने या लयीच्या बाहेर ठेवलं, कारण लय मुद्दाम मोडणं हेच त्यांचं काम होतं.

आणि हे राज्य केवढं? खेळाडूंच्या भोवतीपुरतं. पुढच्या वाटेवर, नजरेआड, झॉम्बी उभे केले जातात. माणसं लांब गेली की मागचे पुसले जातात. बाकीच्या शहरात कोणी नसतं. पुढच्याच वर्षीच्या दुसऱ्या भागात हा डायरेक्टर दफनभूमीतल्या वाटाही बदलू लागला. म्हणजे आखणी आणि कारभार, १९७५ मध्ये वेगळे झालेले, पुन्हा एका हातात येऊ लागले.

सध्या जी पिढी गाजते आहे तिला नकाशा लागत नाही आणि नियमही लागत नाहीत. गूगलच्या संशोधकांनी २०२४ मध्ये ‘गेमएनजेन’ दाखवलं: ‘डूम’ या १९९३ च्या खेळाची चित्रं पाहून शिकलेलं न्यूरल नेटवर्क, जे तुमच्या कळ दाबण्यावरून पुढचं चित्र काढतं, सेकंदाला वीस. मागची तीन-एक सेकंदं सोडली तर त्याच्या हिशेबी काही उरत नाही. गूगलच्याच डीपमाइंडच्या ‘जिनी ३’ ने २०२५ मध्ये ही आठवण मिनिटभरावर नेली. नोंदवही न ठेवता केवळ हातखंड्यावर चाललेला हा कारभार. पाहायला तो थक्क करतो. माझा मात्र ‘एलीट’च्या तीन बिटांवर जास्त विश्वास आहे.

अशा बिननोंदवहीच्या कारभाऱ्याचं काय होतं, ते २०१८ मध्येच दिसलं होतं. डेव्हिड हा आणि युर्गन श्मिडहुबर यांनी एका नेटवर्कला ‘डूम’वरून बेतलेल्या एका प्रसंगाचं स्वप्न बघायला लावलं. खोलीच्या त्या टोकाचे राक्षस आगीचे गोळे फेकतात, आपण ते चुकवायचे. मग त्या स्वप्नातच एक छोटा यंत्र-खेळाडू तयार केला. तो कारभाऱ्यालाच फसवायला शिकला. एका ठरावीक पद्धतीने हललं की स्वप्नातले राक्षस गोळा फेकायचंच विसरत. २१०० क्षणांच्या कमाल मर्यादेत स्वप्नात तो सरासरी २०८६ टिकायचा, आणि खऱ्या खेळात १९३. काहीही न शिकता आंधळेपणाने हलणाराही २१० टिकतो. उपाय म्हणून संशोधकांनी कारभाऱ्यालाच लहरी केलं. ‘टेंपरेचर’ नावाचा एक आकडा ०.१ वरून १.१५ वर नेला, म्हणजे पुढे काय होईल यातली अनिश्चितता वाढवली. स्वप्नातले गुण ९१८ वर घसरले, खऱ्या खेळातले १०९२ वर गेले. १.३ ला दोन्हीकडे घसरण झाली.