कोंबडीची गाठ आणि बाईचा रिपोर्ट

स्तनातल्या गाठीचा तुकडा तपासायला दिला की रिपोर्टवर ‘हर-टू’ असा एक शब्द येतो. पुढे ‘पॉझिटिव्ह’ लिहिलं असेल तर घरातल्यांच्या पोटात गोळाच येतो. हा शब्द आला कुठून, त्याची गोष्ट आज आम्ही सांगणार आहोत. ती सुरू होते एका कोंबडीपासून.

१९०९ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत पेटन राऊस यांच्याकडे छातीत मोठी गाठ असलेली एक कोंबडी आली. राऊस यांनी गाठ वाटली आणि इतक्या बारीक गाळणीतून गाळली, की एकही पेशी खाली उतरू नये. तो रस दुसऱ्या कोंबड्यांना टोचला, तर त्यांनाही गाठी आल्या. गाळणीतून पार झाला होता तो विषाणू. १९११ साली त्यांनी हे छापलं, पण फारसं कुणी मनावर घेतलं नाही. नोबेल मिळालं ते १९६६ साली, वयाच्या ८७व्या वर्षी.

मग प्रश्न आला, विषाणूकडे गाठ करणारं जनुक आलं कुठून? १९७६ साली अमेरिकेत मायकेल बिशप, हॅरॉल्ड व्हार्मस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की तेच जनुक निरोगी कोंबडीच्या पेशीतही असतं. विषाणूने ते कोंबडीकडूनच उचललं होतं. चोरीचा माल निघाला घरचाच!

पण घरचं जनुक गाठ करत नाही आणि विषाणूकडचं करतं, असं का? याचं स्पष्ट उत्तर कोंबड्यांना रक्ताचा कॅन्सर करणाऱ्या दुसऱ्या एका विषाणूने दिलं. १९८४ साली लंडनच्या मायकेल वॉटरफील्ड यांच्या गटाला दिसलं, की त्या विषाणूचं ‘अर्ब-बी’ जनुक आपल्या पेशीवरच्या एका ग्राहीशी जुळतं.

ग्राही म्हणजे काय? विहिरीवरची मोटर आठवा. बटण दाबलं तर चालू, सोडलं तर बंद. ग्राहीचं बटण पेशीच्या बाहेर असतं आणि मोटर आत. वाढीचा निरोप घेऊन येणारा पदार्थ बटणावर बसला, तरच पेशी वाढते. जखम भरते, नवी कातडी येते, ती अशा निरोपांवरच. विषाणूने उचललेल्या जनुकात बाहेरचा बटणाचा भाग जवळजवळ सगळा तुटलेला होता. आतल्या शेपटाचाही तुकडा गेला होता. जणू बटण काढून वायर डायरेक्ट जोडलेली. निरोप नसतानाही मोटर चालूच, आणि सगळं रान पाण्याखाली.

ही ओळख पटल्यावर तशीच आणखी जनुकं शोधली गेली. १९८५ साली माणसात सापडलं ते हर-टू. इथे मात्र बटण तुटलेलं नसतं. काही गाठींमध्ये या जनुकाच्या खूप प्रती होतात. एका विहिरीवर पन्नास मोटरी बसवाव्यात, तसं. १९८७ साली डेनिस स्लॅमन यांनी दाखवलं, की अशा गाठी जास्त जोरात वाढतात. मग त्या ग्राहीलाच जाऊन धरणारं औषध तयार झालं, ट्रास्टुझुमॅब. १९९८ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. आता ते भारतातही बनतं.

म्हणून मैत्रिणींनो, ‘हर-टू पॉझिटिव्ह’ म्हणजे सगळं संपलं असं नाही. नेमकं कुठे मारायचं ते कळलं, असा त्याचा अर्थ. हे औषध आपल्याला लागू आहे का, सरकारी योजनेत बसतं का, हे डॉक्टरांना बिनधास्त विचारा.

आणि एक. कोंबड्यांचे हे विषाणू माणसाला कॅन्सर करत नाहीत. स्तनाचा कॅन्सर शिवल्याने होत नाही, एका ताटात जेवल्यानेही नाही. त्या बाईचं ताट वेगळं करू नका. दवाखान्यात जाताना तिच्यासोबत जा.