वसईच्या पाडावानंतर

मे १७३९ मध्ये वसईचा किल्ला चिमाजी आप्पांच्या हाती आला आणि येथील ख्रिस्तसभेचा मांडलेला संसार मोडला. फ्रान्सिस्कन, येशूसंघीय आदी संघांचे युरोपीय धर्मगुरू निघून गेले. मठांना पोसणारी गावांची उत्पन्नेही गेली. तहाने उपासनेची मुभा दिली, पाच ख्रिस्तमंदिरे राखली: तीन शहरात, एक वसई प्रांतात, एक साष्टीत. पण चालवणार कोण? गोव्याच्या महागुरुस्वामींनी तो भार एतद्देशीय धर्मगुरूंवर सोपविला व त्यांच्यावर व्हिकर जनरल नेमून त्याला कुर्ल्यास ठेवले. ज्यांना कालपर्यंत दुय्यम लेखले जाई, तेच हे धर्मगुरू! मठ, विद्यालये ओस पडली. मिस्सा, स्नानसंस्कार, लग्न, मयत एवढे मात्र त्यांनी चालू ठेवले. किल्ल्यातील मोडक्या कमानी दाखवायला आपण पाहुण्यांना हौसेने नेतो. कुर्ल्याचा विषय सहसा निघत नाही.