रत्नागिरीतील गाड्यांचे पासिंग आणि हँडब्रेक

रत्नागिरी जिल्ह्यात सपाट जमीन थोडी आहे. जांभ्या दगडाचे उंच सडे, त्यांना कापत समुद्राकडे जाणाऱ्या खाड्या आणि पूर्वेस सह्याद्रीची रांग अशी येथील भूमी असल्याने वाहन किती वेगाने धावते यापेक्षा ते उतारावर हमखास थांबते की नाही आणि थांबल्यावर जागचे हलत नाही ना, हा प्रश्न येथे नेहमीच अधिक महत्त्वाचा राहिला. मुंबईशी संबंध दीर्घकाळ आगबोटींनी जोडलेला होता, घाटमाथ्याशी तो आंबा आणि कुंभार्ली या घाटांनी, आणि कोकण रेल्वे येईपर्यंत, जिचा संपूर्ण मार्ग 1998 मध्ये खुला झाला, जिल्ह्याची जमिनीवरील सारी वाहतूक रस्त्यावरच चालत असे. म्हणूनच गाडी रस्त्यावर चालण्यास योग्य आहे की नाही हे ठरवणाऱ्या सरकारी तपासणीचा, म्हणजे बोलीभाषेतील ‘पासिंग’चा, इतिहास या जिल्ह्यात विशेष लक्ष देण्याजोगा आहे.

या तपासणीत हँडब्रेकला जे स्थान मिळाले त्याचे कारण मोटारीच्या आरंभीच्या रचनेत सापडते. 1908 ते 1927 या काळात तयार झालेल्या फोर्डच्या ‘मॉडेल टी’ गाडीत पायाचा ब्रेक गिअरच्या यंत्रणेवर काम करीत असे, तर मागील चाकांच्या ड्रमवर दाब देण्याचे काम हाताच्या दांड्याकडे होते. पुढे चारही चाकांना तेलाच्या दाबाने चालणारे ब्रेक आले, तेव्हा गाडी थांबवण्याचे मुख्य काम पायाकडे गेले आणि हाताच्या दांड्याकडे उभ्या गाडीस रोखून धरण्याचे व संकटात साहाय्य करण्याचे काम उरले. तेलाची नळी फुटली तरी पोलादी तारेने, म्हणजे केबलने, ओढला जाणारा ब्रेक चालू राहतो, हे त्याचे खरे मोल होय. एअर ब्रेक असलेल्या अवजड वाहनांत हीच स्वतंत्रता शक्तिशाली स्प्रिंगने साधली जाते; हवेचा दाब गेला की स्प्रिंग सुटून ब्रेक आपोआप आवळला जातो.

कायद्याने या गोष्टीची दखल टप्प्याटप्प्याने घेतली. 1914 च्या भारतीय मोटार वाहन कायद्याने नोंदणी आणि चालकाचा परवाना या गोष्टी आणल्या, परंतु तपशील बहुतांशी प्रांतिक सरकारांच्या नियमांवर सोडला. रेल्वे आणि मोटार यांच्या स्पर्धेची चौकशी करणाऱ्या मिचेल-किर्कनेस समितीचा अहवाल 1933 मध्ये आला, आणि त्यानंतरच्या 1939 च्या कायद्याने प्रादेशिक परिवहन प्राधिकरणांची व्यवस्था उभी करून भाड्याने माल वा उतारू नेणाऱ्या वाहनांना योग्यता प्रमाणपत्र देण्याची तरतूद देशभर लागू केली. 1988 च्या कायद्याने, कलम 56 अन्वये, ती पुढे चालवली; तर 1989 च्या केंद्रीय नियमांपैकी 96 व्या नियमाने बहुतेक वाहनांना पार्किंग ब्रेक आणि पायाने चालणारा ब्रेक अशा परस्परांपासून स्वतंत्र दोन यंत्रणा बंधनकारक केल्या. खासगी मोटारीची नोंदणी मात्र पंधरा वर्षे टिकते आणि त्यानंतर पुन्हा तपासणी होऊन ती पाच वर्षांसाठी वाढवली जाते.

किनाऱ्यावरील गाड्यांत हँडब्रेक नेमका कसा बिघडतो, हे येथे पाहणे आवश्यक आहे. दांडा ओढला की केबल ताणली जाते, ड्रममधील दोन अर्धवर्तुळाकार शू फाकतात आणि त्यांवरील लायनर, म्हणजे घर्षणासाठी बसवलेला थर, ड्रमला घट्ट टेकतो. पावसाळ्यात ओला लायनर रात्रभर दाबून ठेवल्यास ड्रमला चिकटतो, म्हणून चालक हँडब्रेक टाळतात. गाडी गिअरमध्ये ठेवतात आणि चाकामागे दगड लावतात. महिनोन्‌महिने न हललेल्या केबलच्या भेगाळलेल्या आवरणात खारी हवा आणि पाणी शिरून आतली तार गंजते. मग दांडा वर येतो, पण शू फाकत नाहीत. किंवा फाकलेले शू परत मिटत नाहीत आणि चाक घासत राहून ड्रम तापतो. जो भाग वापरात नाही तोच असा सर्वांत आधी निकामी होतो आणि पासिंगच्या वेळी गाडी परत पाठवली जाते.

तपासणीची पद्धतही दीर्घकाळ निरीक्षकाच्या नजरेवर आणि अनुभवावर अवलंबून होती. पुण्यातील एका नागरिकाच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने 2016-17 च्या सुमारास दिलेल्या आदेशांमुळे ब्रेक तपासण्यासाठी 250 मीटर लांबीचा चाचणी मार्ग असण्याचा आग्रह राज्यभर धरला गेला. 2021 मध्ये केंद्राने स्वयंचलित चाचणी केंद्रांचे नियम केले. या केंद्रांत चाके फिरत्या रोलरवर ठेवून ब्रेकचा जोर यंत्राने मोजला जातो आणि निकाल व्यक्तीच्या अंदाजावर सोडला जात नाही.

हे सारे बदल स्वागतार्ह आहेत, कारण चिऱ्यांनी भरलेला ट्रक वा उतारूंनी भरलेली बस उतारावर उभी असताना अनेकांचे प्राण एका हँडब्रेकवर अवलंबून असतात. तरीही प्रमाणपत्र केवळ तपासणीच्या दिवसाची स्थिती सांगते, आणि खाऱ्या हवेत ती स्थिती एका पावसाळ्यातही बदलू शकते. म्हणून रत्नागिरीतील प्रत्येक वाहनमालकाने पासिंगची तारीख येण्याची वाट न पाहता पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर हँडब्रेकची केबल व लायनर तपासून घ्यावेत, आणि कोरड्या दिवसांत तो ब्रेक रोज वापरावा.