कमांडर गेल्यावर युनिटचं काय होतं? जर्मन स्क्वाड्रन ‘यास्टा बोल्के’

पहिल्या महायुद्धातल्या हवाई लढाईचा विषय निघाला की सगळे ‘रेड बॅरन’ रिख्टहोफेनबद्दल बोलतात. लाल विमान, ८० विजय, सिनेमे. आज मी त्याच्या गुरूबद्दल आणि त्या गुरूनं उभ्या केलेल्या स्क्वाड्रनबद्दल बोलणार आहे. फौजेत आयुष्य काढलेल्या माणसाला रिख्टहोफेनपेक्षा या युनिटची गोष्ट जास्त विचारात पाडते.

१ जुलै १९१६ ला फ्रान्समध्ये सोमची लढाई सुरू झाली. जमिनीवर काय रक्तपात झाला, तो आपल्याला माहीत आहे. आकाशात मात्र जर्मनांची पुरती दैना होती. ब्रिटिश आणि फ्रेंच विमानं त्यांच्या डोक्यावर घिरट्या घालत, तोफखान्याला लक्ष्य दाखवत, फोटो काढून परत जात. जर्मनांकडे चांगले वैमानिक होते, पण ते एकेक-दोनदोन करून वेगवेगळ्या तुकड्यांत विखुरलेले होते. शिवाय त्यांचा नावाजलेला वैमानिक माक्स इमेलमान १८ जूनला मारला गेला. त्याच्या बरोबरीचा दुसरा हिरो म्हणजे ओस्वाल्ड बोल्के. तोही गेला तर देशाचं मनोधैर्य खचेल म्हणून कैसरनं त्याला आघाडीवरून काढलं आणि बाल्कन, तुर्कस्तानच्या दौऱ्यावर पाठवलं. म्हणजे लढाई ऐन रंगात आणि सर्वांत अनुभवी लढवय्या दौऱ्यावर! असे निर्णय फक्त कैसरच घेतात असं समजू नका.

हा बोल्के कोण? शाळामास्तरांचा मुलगा, वय २५, दम्याचा त्रास, मूळचा टेलिग्राफ तुकडीतला. १९१५ मध्ये दुएजवळ कालव्यात बुडणाऱ्या एका फ्रेंच मुलाला त्यानं गणवेशासकट उडी मारून वाचवलं. हा मुलगा शत्रूच्या देशातला होता, हे लक्षात घ्या.

ऑगस्टमध्ये जर्मनांनी फक्त लढाऊ विमानांच्या वेगळ्या स्क्वाड्रन उभ्या करायचं ठरवलं. तिला म्हणत ‘यागडश्टाफेल’, थोडक्यात ‘यास्टा’, म्हणजे शिकारी तुकडी. यास्टा-२ बोल्केला मिळाली आणि माणसं निवडायची मुभाही. पूर्व आघाडीवर कोवेल इथं भाऊ विल्हेल्मला भेटायला गेला असताना त्यानं दोन माणसं उचलली. एक २४ वर्षांचा घोडदळातला तरुण, मानफ्रेड फॉन रिख्टहोफेन. दुसरा एर्विन बोमे, वय ३७, पूर्व आफ्रिकेत इंजिनिअर म्हणून काम केलेला. फायटर पायलटसाठी ३७ म्हणजे म्हातारपणच. पण बोल्केनं वय बघितलं नाही.

ऑगस्टअखेर बर्तँकूरच्या धावपट्टीवर तुकडी उभी राहिली तेव्हा जेमतेम दोन-तीन विमानं होती. मग बोल्के सकाळी एकटाच उडायचा, एखादं विमान पाडून नाश्त्याला परत यायचा. पोरांनी विचारलं की तो म्हणे उलट विचारायचा, हनुवटी काळी झाली आहे का बघा. बंदुकीच्या धुराची काजळी दिसली की समजायचं, शिकार झाली. बाकी दिवसभर वर्ग. शत्रूच्या कुठल्या विमानाचा कुठला कोपरा आंधळा आहे, मशीनगन अडकली तर हवेत कशी मोकळी करायची, एकमेकांकडे लक्ष ठेवून फॉर्मेशनमध्ये कसं उडायचं.

त्याचे आठ नियम आजही हवाई युद्धाच्या इतिहासात शिकवले जातात. सूर्य पाठीशी ठेवा. हल्ला सुरू केला की तडीस न्या. जवळ जाऊनच गोळी झाडा. शत्रूवरची नजर हटू देऊ नका. मागून हल्ला करा. तुमच्यावर कुणी झेपावलं तर पळू नका, वळून त्याला तोंड द्या. शत्रूच्या हद्दीत परतीची वाट विसरू नका. आणि आठवा नियम: गटानं हल्ला करा, पण लढाई सुटी सुटी झाली की एकाच शत्रूच्या मागे अनेकांनी लागू नका. हा आठवा नियम ध्यानात ठेवा.

१६ सप्टेंबरला नवी अल्बाट्रॉस विमानं आली. १६० अश्वशक्तीचं मर्सिडीज इंजिन आणि पंख्याच्या पात्यांमधून गोळ्या झाडणाऱ्या दोन मशीनगन. समोर ब्रिटिशांचं डीएच-२. पंखा मागे, पुढे एकच लुईस गन आणि तिचा ड्रम वैमानिकानं उडता उडता बदलायचा. दुसऱ्याच दिवशी बोल्के आपल्या पोरांना घेऊन वर गेला. त्या दिवशी रिख्टहोफेननं पहिलं विमान पाडलं. बोल्केचा स्वतःचा आकडा २ सप्टेंबरला २० होता, तो २६ ऑक्टोबरला ४० झाला. हे आकडे जर्मन बाजूनं मान्य केलेले आहेत. दोन्हीकडचे दावे पुढे तपासले तर थोडेफार कमी-जास्त होतात, पण आकाशाचा ताबा पालटला हे ब्रिटिशांनीही मानलं.

आता २८ ऑक्टोबर. बोल्केचं त्या दिवशीचं सहावं उड्डाण. दमलेला माणूस. सहा अल्बाट्रॉस, समोर ब्रिटिश २४ स्क्वाड्रनची फक्त दोन डीएच-२. बोल्के आणि बोमे एकाच विमानाच्या मागे लागले होते. तेवढ्यात दुसऱ्याचा पाठलाग करणारा रिख्टहोफेन आडवा आला. त्याला टाळताना बोमेच्या विमानाची चाकं बोल्केच्या वरच्या पंखाला घासली. नुसती घासली. पंख फाटत गेला आणि विमान ढगांत दिसेनासं झालं. जमिनीवरचा आघात तसा फार जोराचा नव्हता, पण बोल्केच्या डोक्यावर हेल्मेट नव्हतं आणि पट्टाही नीट बांधलेला नव्हता.

आठवा नियम लिहिणारा माणूस आठवा नियम मोडल्यामुळे गेला. यात बेशिस्त होती असं मला वाटत नाही. सहा जणांना दोनच शत्रू मिळाले की सगळे तिकडेच धावतात. इन्फन्ट्रीत रात्रीच्या गस्तीवर आपल्याच माणसाची गोळी लागते, त्यातलाच हा प्रकार.

काम्ब्रेच्या कॅथेड्रलमध्ये अंत्यविधी झाला. त्याची पदकं उशीवर ठेवून रिख्टहोफेन पुढे चालत होता. ब्रिटिशांनी विमानातून पुष्पचक्र टाकलं. बोमे मात्र पार मोडला होता. पण त्याला कुणी दोषी धरलं नाही आणि त्यानं उडणं सोडलं नाही. डिसेंबरमध्ये कैसरच्या हुकमानं तुकडीचं नावच ‘यास्टा बोल्के’ झालं.

आता माझा खरा मुद्दा. बोल्केनं ही तुकडी जेमतेम दोन महिने चालवली. त्याच्यानंतरचा कमांडर किर्मायर २२ नोव्हेंबरला मारला गेला, त्याच २४ स्क्वाड्रनशी लढताना. दुसऱ्या दिवशी रिख्टहोफेननं त्या स्क्वाड्रनचा कमांडर, व्हिक्टोरिया क्रॉस विजेता लॅनो हॉकर, याला पाडलं. बोल्केच्या शेवटच्या लढाईतला एक ब्रिटिश वैमानिक नाइट, तोही डिसेंबरात रिख्टहोफेनच्याच हाती गेला. जानेवारीत रिख्टहोफेनला यास्टा-११ मिळाली. या तुकडीनं तोवर एकही विमान पाडलेलं नव्हतं. त्यानं तिथं बोल्केचाच वर्ग सुरू केला आणि एप्रिल १९१७ मध्ये तिनं ८९ विजय नोंदवले. तोवर मूळ तुकडी मात्र बरीच मागे पडली होती. चांगल्या युनिटचं हे दुखणं जुनंच आहे. तयार झालेली माणसं वरचे लोक दुसरीकडे नेतात.

तसाच दुसरा वेर्नर फॉस. त्याच्या ४८ विजयांपैकी २८ या तुकडीतले. पुढे तो दुसऱ्या यास्टात गेला आणि २३ सप्टेंबर १९१७ ला ब्रिटिश ५६ स्क्वाड्रनच्या वैमानिकांशी एकटा झुंजत पडला. महिनाभरानं त्याच ५६ स्क्वाड्रनमध्ये कलकत्त्यात जन्मलेला १८ वर्षांचा एक मुलगा रुजू झाला: इंद्रलाल रॉय. पुढे ४० स्क्वाड्रनमधून त्यानं जुलै १९१८ मध्ये १३ दिवसांत १० विजय मिळवले आणि २२ जुलैला जर्मन फोकरांशी लढताना तो मारला गेला. शाळेच्या पुस्तकात हे नाव हवं होतं, पण तो विषय वेगळ्या भागाचा.

ऑगस्ट १९१७ मध्ये यास्टा बोल्केची कमान आली एर्विन बोमेकडे. ज्याच्या चाकानं बोल्के गेला, त्यालाच बोल्केच्या नावाची तुकडी. हा निर्णय मला फार मोठा वाटतो. त्यानं आणि त्याच्या पोरांनी ढेपाळलेली तुकडी पुन्हा उभी केली. २९ नोव्हेंबरला २४ विजयांवर असताना बोमे मारला गेला. सर्वोच्च पदक ‘पूर ल मेरीत’ पाच दिवसांपूर्वीच जाहीर झालं होतं. त्याच्यानंतरचा फॉन ब्यूलो ६ जानेवारीला पडला आणि त्याच्यानंतरचा म्युलर ९ जानेवारीला, जळत्या विमानातून पॅराशूटशिवाय उडी मारून. सहा आठवड्यांत तीन कमांडर.

तरी तुकडी टिकली. कार्ल बोलेनं फेब्रुवारी १९१८ पासून शेवटपर्यंत ती चालवली. युद्धअखेर तिच्या नावावर सुमारे ३३६ विजय होते. युद्धबंदीच्या अटींत फोकर डी-७ विमानं नाव घेऊन मागितली होती. ती ब्रिटिशांच्या ताब्यात देताना बोलेच्या वैमानिकांनी प्रत्येक विमानावर आपलं नाव आणि आपले विजय रंगवले, म्हणजे आपण कुणाशी लढत होतो हे समोरच्याला कळावं.