परगावी जेवायचं कुठं?

परमुलखात गेलं की आधी पोटाची सोय बघावी लागते. आता पुण्या-मुंबईला गेलेलं पोरगं मोबाइलवर जेवण मागवतं. स्पेनसारख्या देशात फिरायला जाणारे लोक तर कुठल्या शहरात काय खायचं, काय प्यायचं, याची यादी करूनच विमानात बसतात. आपल्या आज्या-पणज्यांच्या काळी यादी नव्हती, फडक्यात बांधलेली शिदोरी होती. खंडोबाला नाहीतर तुळजापूरला निघालेली माणसं भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बरोबर घ्यायची. (त्या चटणीतली मिरची आणि शेंगदाणा, दोन्ही मूळचे अमेरिका खंडातले. स्पेन-पोर्तुगालच्या जहाजांतून ते जगभर गेले. मिरची पोर्तुगीजांमुळे गोव्यात उतरली आणि तिथून आपल्या पाट्यावर आली!)

शिदोरी बांधण्यात काटकसर होती, तशी जातही होती. कुणाच्या हातचं खायचं, कुणाच्या विहिरीवर पाणी प्यायचं, हे ठरलेलं. पुढं हॉटेलं निघाली, पण तिथंही दलितांची कपबशी वेगळी ठेवलेली असायची. 1950 साली लागू झालेल्या राज्यघटनेच्या पंधराव्या कलमात दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं, विहिरी, तलाव ही नावं मुद्दाम लिहावी लागली, ती यामुळंच. बायकांचं तर हॉटेलात जाणंच वाईट समजलं जायचं. शहरातल्या हॉटेलात पडद्याआड एक ‘फॅमिली रूम’ असे. घरच्या पुरुषाबरोबर गेलं तर तिथं बसायचं.

पण शिदोरी पुरते दोन दिवस. कायमचं पोट भरायला गेलेल्यानं काय करायचं? मुंबईत पहिली कापडगिरणी 1854 साली कावसजी दावर यांनी काढली. आपल्या शेजारच्या सोलापुरात 1877 साली गिरणी आली. कोकणातून, घाटावरून गडी माणसं मुंबईला निघाली. बायकापोरं गावी, शेतावर. लालबाग-परळच्या चाळीत एका खोलीत दहा-पंधरा जण राहायचे. एक पाळी कामावर, दुसरी झोपलेली. तिथं चूल पेटवणार कोण?

ही चूल पेटवली खानावळवालीनं. ती बहुतेक गिरणी कामगाराचीच बायको, नाहीतर नवऱ्यामागं राहिलेली बाई. पहाटे उठायचं, पाळीच्या भोंग्याआधी डबे तयार ठेवायचे, दुपारी पुन्हा तेच, रात्री पुन्हा. मटणाचा वार वेगळा, उपासाचा वेगळा. कुणी गावी गेला तर तेवढे खाडे धरायचे. गिरणीच्या मस्टरवर या बाईचं नाव कधी चढलं नाही. मला विचाराल तर मुंबईच्या कापडधंद्याच्या इतिहासात तिच्या चुलीचं पान गिरणीच्या पानाएवढंच मोठं पाहिजे.

तिचं अडायचं कुठं, तर पैशात. खाणारा पैसे देणार पगार झाल्यावर, महिन्यानं. वाण्याला मात्र तांदूळ, तेल, डाळ यांचे पैसे द्यायचे. मग उधारी, उधारीवर व्याज, शेवटी गळ्यातलं गहाण. संप झाला की कामगाराचा पगार बंद, पण भूक चालूच. ताटावरून उठवायचं कसं? त्या बायका संपातही जेवू घालायच्या आणि कर्ज त्यांच्या अंगावर चढायचं.

प्रेमा पुरव यांनी हे जवळून पाहिलं. गोवा मुक्तीच्या लढ्यातून आलेल्या या कार्यकर्तीनं मुंबईत कामगारांच्या संघटनेत काम केलं होतं. 1975 साली त्यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. आधी 1969 साली बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं होतं, गरिबांना बँकेनं कर्ज द्यावं असं सरकारच म्हणत होतं. पण खानावळवालीकडं तारण काय? चूल आणि पातेली. मग बायकांनी गट केले आणि एकमेकींची हमी घेतली. बँक ऑफ बडोदानं कर्ज दिलं आणि त्यांनी ते फेडलं. आपल्या बचत गटांना बँकेशी जोडणारी नाबार्डची योजना आली 1992 साली. म्हणजे आपण गटात ज्या हमीवर सही करतो, तशी हमी या बायकांनी कितीतरी आधी घेतली होती.

18 जानेवारी 1982 ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. पुढं गिरण्याच बंद होत गेल्या, खाणारे गावाकडं परतले. अन्नपूर्णाच्या बायकांनी मग कार्यालयांना, कार्यक्रमांना जेवण पुरवायला घेतलं.

शहरात आलेल्या गरिबानं जेवायचं कुठं, हा प्रश्न सरकारपुढंही आला. 1995 साली एक रुपयात झुणका-भाकर निघाली. 26 जानेवारी 2020 पासून दहा रुपयांत शिवभोजन थाळी सुरू झाली. तिचं केंद्र चालवायची संधी खानावळींबरोबर महिला बचत गटांनाही दिली गेली. तिथंही हिशेब जुनाच असतो: किराणा आज रोख भरायचा, आणि थाळीचं अनुदान नंतर येणार.