उंदीर विष का खात नाही? प्लेगच्या सालापासूनचा एक धडा

"डॉक्टर, औषध ठेवलं. पहिल्या रात्री एक उंदीर मेला. नंतर आठ दिवस कुणी तोंडही लावलं नाही. औषध नकली आहे का हो?"

हा प्रश्न दवाखान्यात अनेकदा कानावर येतो. औषध बहुतेक वेळा खरंच असतं. चुकतो तो आपला अंदाज. उंदीर कसा जेवतो हे समजून घ्यायला माणसाला बराच काळ लागला, आणि सातारा-सांगलीच्या घराघरांनी त्याची मोठी किंमत मोजली आहे. म्हणून आज आधी थोडा इतिहास पाहू.

प्लेगचं साल

तुमच्या पणजोबांच्या पिढीत वय सांगायची एक पद्धत होती: "प्लेगच्या साली मी एवढा होतो." सप्टेंबर 1896 मध्ये मुंबईच्या मांडवी भागात, धान्याच्या गोदामांच्या शेजारी, डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे पहिले रुग्ण ओळखले. तिथून साथ पुण्यात आली आणि पुढे रेल्वे, बाजार आणि यात्रांच्या वाटेने दख्खनभर पसरली. आजच्या सांगली जिल्ह्यातले वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुके तेव्हा सातारा जिल्ह्यात होते, तर सांगली आणि मिरज ही संस्थानं होती. साथीला अर्थातच या सीमा माहीत नव्हत्या.

जांघेत किंवा काखेत गाठ, जोराचा ताप आणि काही दिवसांत मृत्यू. लोक याला गाठीचा ताप म्हणत. 1894 मध्ये हाँगकाँगमध्ये येरसिन यांनी रोगाचा जंतू शोधला होता. पण तो माणसापर्यंत पोचतो कसा, हे कुणाला नीट ठाऊक नव्हतं. मग सरकारने जे डोळ्यांना दिसत होतं त्यावर, म्हणजे माणसांवर आणि घरांवर, हत्यार उपसलं. फेब्रुवारी 1897 मध्ये साथरोग कायदा आला. (करोनाच्या वेळी 2020 मध्ये वापरला तो हाच.) पुण्यात सैनिक घरात शिरून झडती घेऊ लागले, सामान जाळलं गेलं. त्या संतापातून 22 जून 1897 रोजी प्लेग अधिकारी रँड यांच्यावर चापेकर बंधूंनी गोळ्या झाडल्या.

त्याच वर्षी 10 मार्चला सावित्रीबाई फुले गेल्या. त्या मूळच्या सातारा जिल्ह्यातल्या नायगावच्या. मुलगा डॉ. यशवंत यांनी पुण्याजवळ रुग्णांसाठी दवाखाना उघडला होता. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्या तिथे पोचल्या आणि त्यांनाच लागण झाली.

"उंदीर पडले"

या सगळ्या गोंधळात खेड्यातल्या लोकांना एक गोष्ट साहेबांच्या आधी समजली होती. घरात आढ्यावरून उंदीर पटापट खाली पडून मरू लागले की पुढचा नंबर माणसांचा. "उंदीर पडले" एवढं ऐकलं की गाव रिकामं व्हायचं. लोक पोराबाळांसह, गुराढोरांसह माळावर झोपड्या बांधून राहायचे आणि साथ ओसरली की परतायचे.

हे शहाणपण बरोबर होतं. कारण मात्र नंतर कळलं. 1898 मध्ये कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनी दाखवलं की उंदराच्या अंगावरची पिसू हा रोग पसरवते. अनेकांनी त्यांना हसण्यावारी नेलं. 1905 नंतर मुंबईत प्लेग संशोधन आयोगाने गिनीपिगांवर काटेकोर प्रयोग केले, तेव्हा ते सिद्ध झालं. उंदीर मेला, अंग थंड पडलं की पिसवा दुसरं ऊबदार अंग शोधतात. जवळ उंदीर उरला नसेल, तर तुमचं-आमचं.

यातून एक अवघड गोष्ट पुढे आली. पिंजरे लावले गेले, विष घातलं गेलं, उंदरांच्या संहाराच्या मोहिमा निघाल्या. पण ज्या गावात अन्न उघडं आणि भिंती पोकळ, तिथे उरलेले उंदीर काही महिन्यांत पुन्हा तेवढेच होत. आणि प्लेग शिरलेल्या घरात नुसते उंदीर मारले तर मोकळ्या झालेल्या पिसवा माणसांवरच येत.

उंदीर हुशार की सावध?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. उंदराला उलटी करता येत नाही. पोटात गेलेलं विष बाहेर टाकायची सोय नाही, म्हणून निसर्गाने त्याला आधीच सावध केलं आहे. रोजच्या वाटेवर नवी वस्तू दिसली की तो दोन-चार दिवस तिला टाळतो. मग अगदी थोडं चाखतो आणि थांबतो. तेवढ्याने पोट बिघडलं तर ती चव तो कायमची लक्षात ठेवतो. एका अनुभवात शिकतो आणि महिनोन्महिने विसरत नाही.

दुसऱ्या महायुद्धात धान्य वाचवण्यासाठी ऑक्सफर्डमध्ये चार्ल्स एल्टन यांच्या गटाने या सवयींचा पद्धतशीर अभ्यास केला. निष्कर्ष साधा होता: आधी काही दिवस बिनविषारी आमिष खाऊ घाला, भरवसा बसू द्या, मग विष घाला. आपण करतो नेमकं उलटं. पहिल्याच रात्री कडक विष ठेवतो. एखादा मरतो, बाकीचे चाखून आजारी पडतात, आणि ते औषध त्या घरापुरतं निकामी होतं.

हळू चालणारं विष

पुढचा शोध गोठ्यातून लागला. 1920 च्या दशकात अमेरिका-कॅनडात कुजलेला स्वीट क्लोव्हर नावाचा चारा खाऊन गुरं रक्तस्रावाने मरत होती. फेब्रुवारी 1933 मध्ये विस्कॉन्सिनचा एक शेतकरी बर्फाच्या वादळात मेलेली कालवड आणि न गोठणारं रक्त घेऊन कार्ल लिंक या रसायनशास्त्रज्ञाकडे पोचला. त्या संशोधनातून पुढे वॉरफरिन तयार झालं आणि 1948 मध्ये ते उंदरांसाठी बाजारात आलं.

याचं बळ त्याच्या संथपणात होतं. उंदीर काही दिवस खात राहतो, त्रास नंतर सुरू होतो. तोवर कोणत्या घासाने घात केला हे त्याला कळत नाही. तुमच्यापैकी कुणी कृत्रिम झडपेसाठी किंवा रक्ताच्या गुठळीसाठी वॉरफरिनची गोळी घेत असेल, तर हो, हे तेच औषध. 1954 पासून ते नेमक्या मात्रेत माणसांना दिलं जातं. पुढे काही उंदीर त्यालाही दाद देईनात, म्हणून ब्रोमाडायोलोनसारखी जास्त तीव्र औषधं आली.

आपल्या शिवारात

कृष्णा-वारणेच्या काठचा ऊस वर्ष-दीड वर्ष उभा असतो. दाट सावली, गोड कांडं आणि माणसाचा वावर कमी. उंदीर-घुशींना आणखी काय हवं? तोड झाली की ते बांधावर आणि घराकडे सरकतात. शेतात साधारण असं करतात:

- पहिल्या संध्याकाळी सगळी बिळं मातीने बुजवा. दुसऱ्या दिवशी जी उकरलेली दिसतील, तीच जिवंत.
- त्या बिळांत दोन-तीन दिवस नुसता भरडा तेल लावून ठेवा.
- मग एकदाच झिंक फॉस्फाइडचं आमिष: 96 भाग भरडा, 2 भाग खाद्यतेल, 2 भाग औषध. हातमोजे घालून, काठीने ढवळून. बीळ बुजवा.
- आठवड्याने जी बिळं पुन्हा उकरलेली दिसतील, तिथे झिंक फॉस्फाइड पुन्हा नको. ब्रोमाडायोलोनची वडी ठेवा.
- उरलेलं आमिष आणि मेलेले उंदीर खोल पुरा.

हे पावसाळ्याआधी, सगळ्या शिवाराने एकाच वेळी करा. एकट्याच्या बांधावर केलं तर शेजारचे उंदीर येतात.

घरात मात्र जपून

घरात शक्यतो विष नकोच. पिंजरा किंवा चाप वापरा आणि तोही दोन-तीन दिवस न लावता, नुसता खाऊ ठेवून. धान्य पत्र्याच्या कोठीत, खरकटं रात्री झाकलेलं, मोरीच्या तोंडाला जाळी. उंदराचं पोट बंद केलं की निम्मं काम होतं.

भाकरीला किंवा टोमॅटोला लावलेलं विष लहान मूल खाऊ शकतं. पिवळ्या फॉस्फरसची पेस्ट सर्वांत धोकादायक आहे. पहिले एक-दोन दिवस मूल ठणठणीत वाटतं आणि नंतर यकृत निकामी होतं. तिच्यावर उतारा नाही. ब्रोमाडायोलोनवर व्हिटॅमिन के हा उतारा आहे, पण वेळेत यायला हवं. म्हणून उंदराचं कोणतंही औषध पोटात गेल्याची शंका आली तर लक्षणांची वाट पाहू नका, घरी उलटी करवू नका, पुडी सोबत घेऊन थेट मोठ्या रुग्णालयात जा.

दुसरी गोष्ट पुराची. 2005, 2019 आणि 2021 मध्ये आपण पाणी घरात आलेलं पाहिलं आहे. उंदराच्या लघवीतून पाण्यात मिसळणारा जंतू लेप्टोस्पायरोसिस करतो. पुराच्या पाण्यात वावरल्यानंतर ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल होणं दिसलं तर लगेच दाखवा.

आणि प्लेग? 1994 मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात आणि सुरतेत त्याने पुन्हा दार ठोठावलं. आज त्यावर प्रतिजैविकं आहेत. तरीही औषध न घालता गावात अचानक बरेच उंदीर मरून पडू लागले, तर हात न लावता प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवा. पणजोबा माळावर निघून जायचे. तुम्हाला फक्त एक फोन करायचा आहे.

उंदराशी घाई करून कुणी जिंकलेलं नाही. आधी त्याचा डबा बंद करा, मग धीराने आमिष ठेवा.